निषेधाचं हिंदी

दाना ओलीतल्या गोपाळकृष्णांचं ग्वाल्हेरात कुणाशीच भांडण नव्हतं, आणि गाण्याबजावण्याच्या लोकांत ही काही साधी गोष्ट नव्हे. वीज कंपनीतून निवृत्त झालेला हा पेटीवाला म्हणे, गाणारा जिथे जाईल तिथे आपण मुकाट जायचं. गायक पंडित रघुनाथरावांच्या मागे ते असे अठ्ठावीस वर्षं गेले. मुलीला, यशश्रीला, गाणं शिकायलाही त्यांच्याकडेच घातलं.

मग रघुनाथराव एका मुलाखतीत बोलले. म्हणाले, लग्न झालेल्या बाईनं मैफलीत गाऊ नये, तिचं अर्धं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असतं. तेवढा तुकडा मोबाइलवर गावभर फिरला. यशश्रीच्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. तिनं तंबोरा माहेरी आणून ठेवला आणि शिकायला जाणं बंद केलं.

खासगी बाजार मोहल्ल्यात मराठी कलावंतांची बैठक झाली. चिडले सगळेच, पण पत्र लिहायला एक बहाद्दर पुढे येईल तर शपथ! रघुनाथरावांच्या शिफारशीची गरज कुणाला नव्हती? शेवटी गोपाळकृष्णांनीच पेन काढलं. घरात मराठी आणि ऑफिसात हिंदी अशी हयात गेलेल्या माणसाचं जे होतं, तेच झालं. त्यांनी लिहिलं, 'हम पंडित रघुनाथराव का निषेध करते हैं।' त्यांच्यासकट अकरा जणांनी सह्या ठोकल्या. रघुनाथरावांच्या सत्तरीचा जलसा गावातल्या एका सभागृहात ठरला होता, म्हणून त्या सभागृहाच्या समितीलाही एक प्रत गेली.

आता मराठीत निषेध म्हणजे, तुमचं हे आम्हाला पटलं नाही. हिंदीत निषेध म्हणजे बंदी. 'धूम्रपान निषेध' ही पाटी त्याच सभागृहात आहे. समितीनं दोन दिवसांत जलसा रद्द केला. गोपाळकृष्ण धावत गेले, तर सचिव विक्रमसिंहांनी अदबीनं तेच पत्र पुढे केलं. म्हणाले, "आप ही ने तो लिखा है।"

बाकीचे दहा जण म्हणाले, आयतंच झालंय, आता कशाला उकरून काढता? गोपाळकृष्णांनी एकट्याच्या सहीनं दुसरं पत्र दिलं: पंडितजींचं म्हणणं आम्हाला मान्य नाही, पण त्यांचं गाणं बंद करा असं आम्ही म्हटलेलं नाही. त्यांच्या हिंदीवर गाव आठवडाभर हसलं. जलसा पुन्हा ठरला.

रघुनाथरावांचा फोन आला. स्वारी खुशीत होती. म्हणाले, शेवटी तू माझाच निघालास, रविवारी पाचला पेटी घेऊन ये.

"मी नाही वाजवणार, दादा."

"मग माझ्या गाण्यासाठी एवढा धावलास कशाला?"

"तुम्ही गाऊ नये असं मला कधी वाटलंच नाही. यशश्रीनं गाऊ नये, असं तुम्हाला वाटतं."

 मग रघुनाथरावांनी हळूच विचारलं, साथीला कुणाला घेऊ? गोपाळकृष्णांना फार वाईट वाटलं. त्यांनी हजीरा भागातल्या उमाजीचा नंबर दिला, मुलगा चांगला वाजवतो म्हणाले.

"फक्त त्याला एक आधी सांगून ठेवा, दादा. वरच्या 'सा'वर तुमचा श्वास आता पुरत नाही. तिथे पेटीनं ती जागा जरा आधीच भरून काढायची."

हे रघुनाथरावांना माहीतच नव्हतं.