कोथिंबिरीचे रविवार

माझी मुलगी युरोपात रेसिंगचा अख्खा सीझन खेळली आणि त्यातली एकही शर्यत मी बघितली नाही. हे सांगितलं की लोक सहानुभूतीने मान हलवतात. आईचं काळीज, भीती वाटत असणार. भीती वाटायचीच, पण ते कारण नव्हतं. मला बघायला बंदी होती.

ही बंदी समजून घ्यायची तर सुरुवात माझ्या सासऱ्यांपासून करावी लागते. नागपूरच्या त्यांच्या घरात क्रिकेटची मॅच असली की प्रत्येकाची जागा ठरलेली असायची. बॅट्समनची जोडी जमली की कुणी हलायचं नाही. पाय अवघडला तर अवघडू द्यायचा, पण ओव्हर संपेपर्यंत सरळ करायचा नाही. लग्न होऊन गेले त्या वर्षी मी चहाचा ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि विकेट पडली. पुढच्या मॅचला पुन्हा आले, पुन्हा पडली. मग सासरे अतिशय मायेने म्हणाले, "सूनबाई, तू आपली आतच बस. चहा आम्ही घेऊ येऊन." दोन उदाहरणांवरून निष्कर्ष! मी तेव्हा नुकतीच स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. झाले होते. आता शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते आणि औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासून पोट भरते. योगायोग कशाला म्हणतात हे सांगण्याचे मला पैसे मिळतात, पण ते ऑफिसात. घरात मी पांढऱ्या पायाची.

सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले आणि येताना हे शास्त्र बरोबर घेऊन आले. मुलगी इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. आरतीचं पहिलं कडवं येतं, पुढे नुसत्या टाळ्या. आजोबांच्या अख्ख्या परंपरेतून तिने उचललं ते नेमकं हेच.

ती नऊ वर्षांची असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला सगळी मुलं गो-कार्ट चालवायला गेली होती. बाकीची मुलं केक खाऊन घरी आली, आमची तिथेच राहिली म्हणायला हरकत नाही. पुढची किती वर्षं आमचे शनिवार-रविवार मक्याच्या शेतांमधल्या ट्रॅकवर गेले. एकदा मी पाण्याची बाटली घेऊन कुंपणाशी गेले तर त्याच वळणावर तिची कार्ट गर्रकन फिरली. पुढच्या खेपेला मी हात हलवला आणि ती टायरच्या भिंतीत घुसली. हेल्मेट काढून माझ्याकडे आली, म्हणाली, "आई, कॅन यू, लाइक, गो गेट अ कॉफी?" आजोबा शेजारीच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर कृतकृत्य भाव होता.

मी कॉफी आणायला गेले. ती शर्यत ती जिंकली. संपलंच मग.

हायस्कूल संपवताना तिने दोन गोष्टी एकदम मिळवल्या. इंडियानातल्या एका कॉलेजात मेकॅनिकल इंजिनीअरिंगला प्रवेश, आणि इटलीतल्या एका टीमकडून ज्युनियर चॅम्पियनशिपमध्ये एका सीझनची सीट. एकट्या माणसाची, छप्पर नसलेली, चाकं बाहेर असलेली गाडी. तिच्यात अठरा-एकोणीस वर्षांची पोरं बसतात आणि युरोपभर एकमेकांच्या अंगावर घालतात. त्यातून दोन-चार जण वरच्या गटात जातात, बाकीचे घरी जातात. कॉलेजने प्रवेश जानेवारीपर्यंत राखून ठेवला. आमचा घरात करार झाला: चॅम्पियनशिपमध्ये पहिल्या तिघांत आलीस तर वरच्या गटात जा, आम्ही मधे येणार नाही. नाही आलीस तर जानेवारीत कॉलेज. ती लगेच "डील" म्हणाली. मीही लगेच म्हणाले, कारण मला वाटलं ती येणार नाही पहिल्या तिघांत.

विमानतळावर मिठी मारताना तिने कानात सांगितलं, "आई, प्लीज, डोन्ट वॉच. ओके? नॉट इव्हन हायलाइट्स."

दर ठिकाणी शनिवारी एक आणि रविवारी एक अशा दोन शर्यती असायच्या; शनिवारची आमच्या पहाटे व्हायची. तेव्हा मी झोपलेली असायचे, आणि झोपलेल्या माणसाची नजर लागत नाही असं सासऱ्यांनी मान्य केलं होतं. रविवारची शर्यत तिथल्या संध्याकाळी, म्हणजे आमच्या नाश्त्यानंतर. टीव्ही आमच्या घराच्या मधोमध आहे आणि आवाज तळघरापर्यंत जातो. म्हणून शर्यतीच्या रविवारी मी गाडी काढून डेव्हनला, शिकागोतल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर जायचे, महिन्याचं वाणसामान आणायला. जायलाच जवळजवळ तासभर लागतो. पोहे, साबुदाणा, मेथी घ्यायची, रस्त्याकडेला लावलेल्या गाडीत येऊन बसायचं, आणि नवरा काय कळवतो याची वाट बघायची.

त्याची एक पद्धत पडून गेली होती. शर्यत बरी झाली की तो फोन करायचा, मागून सासऱ्यांचा आरडाओरडा ऐकू यायचा. बरी झाली नाही की फोन नाही, मेसेज. मेसेजमध्ये शर्यतीचं अवाक्षर नसायचं. "कोथिंबीर पण आण." वाईट बातमी त्या घराण्यात तोंडाने सांगत नाहीत, काहीतरी आणायला सांगतात. सीझनच्या सुरुवातीला आमच्या फ्रिजमध्ये इतकी कोथिंबीर साठली की मी दोनदा वड्या केल्या आणि शेजारच्या काकूंना डबाभर दिल्या. त्या म्हणाल्या, "काय गं, काही स्पेशल?" मी म्हटलं, "बारावी आली."

उन्हाळ्यात मात्र फोन येऊ लागले. सहावी. चौथी. एकदा दुसरी, तेव्हा सासरे फोनवरच रडले. मुलगी व्हिडिओ कॉलवर दिसायची ती दर वेळी जरा रोड झालेली आणि जरा मोठी झालेली. मान जाड झाली होती; वळणावर डोकं सरळ ठेवायला मानेचा व्यायाम करावा लागतो म्हणे. तिचं बोलणं ब्रेक आणि टायरबद्दल. मला त्यातलं फार कळायचं नाही. मी जेवलीस का विचारायचे.

बेल्जियमला ती भिंतीवर आदळली. मी तेव्हा डेव्हनवर मिठाईच्या दुकानात रांगेत उभी होते. मेसेज आला: "कोथिंबीर आण. मिरच्या पण." मिरच्या पहिल्यांदाच आल्या होत्या. पण मी मुकाट्याने घेतल्या. घरी आल्यावर टीव्हीवर तीच दृश्यं पुन्हा दाखवत होते आणि नवरा रिमोट शोधायच्या नादात सोफ्यावरून पडायचा बाकी होता.

"मुलगी भिंतीवर आदळली आणि तू मला मिरच्या सांगतोस?"

"अगं, ती ओके आहे. मनगट थोडं सुजलंय, बस. चालत गेली बाहेर. ओके नसती तर फोन केला असता ना यार!"

"फोन तर तू चांगलं झाल्यावर करतोस."

त्याला एकदाचा रिमोट सापडला. सासऱ्यांना प्रश्न सापडला. "सूनबाई, तू फोनवर चुकून काही बघितलं नाहीस ना?" मी पिशवीतल्या मिरच्या ओट्यावर उपड्या केल्या आणि वर गेले. मी दुकानात असताना ती आदळली, म्हणजे माझा काही संबंध नव्हता हे एकदाचं सिद्ध झालं, असं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. खरं तर माझ्याही डोक्यात ते दुसऱ्या दिवशी आलं. त्या रात्री मी आठवत बसले होते, की मेसेज उघडताना बोट दुसरीकडे कुठे लागलं तर नव्हतं ना. आमच्यात नंतर ठरलं की खरंच काही झालं तर सरळ फोन. म्हणजे आता फोनचे दोन अर्थ झाले.

शेवटच्या शर्यतीच्या आधी ती चॅम्पियनशिपमध्ये चौथी होती. तिसऱ्या नंबरचा मुलगा अगदी थोडक्या गुणांनी पुढे. रविवारच्या शर्यतीत त्याच्या पुढे संपवलं की ती तिसरी, मागे राहिली की घरी. हिशोब इतका सरळ की मलासुद्धा कळला.

आणि मला ती घरी हवी होती. हे मी कुणाला बोलले नाही, पण लपवलंही नाही. सेलमध्ये हॉस्टेलच्या पलंगाच्या चादरी घेऊन ठेवल्या होत्या. इथल्या हॉस्टेलचे पलंग नेहमीपेक्षा लांब असतात, त्या चादरी आमच्या घरातल्या एकाही पलंगाला बसत नाहीत. कपाटात त्या सगळ्यांना दिसायच्या. मला ती अडीच तासांच्या अंतरावर हवी होती, मळके कपडे घेऊन वीकेंडला येणारी, लायब्ररीतून वैतागून फोन करणारी. भिंतीवर आदळून चालत बाहेर येणारी नको होती. यात कसला मोठेपणा नाही, कुठल्याही आईला विचारा.

त्या रविवारी डेव्हनवर पाऊस नव्हता, इटलीत होता. मी वाणसामान घेऊन गाडीत बसले. शर्यत संपायची वेळ झाली. फोन नाही. मेसेज नाही. आणखी वाट बघितली. समोरच्या साड्यांच्या दुकानात एक बाई पुतळ्याला पदर लावत होत्या, तो पुन्हा पुन्हा घसरत होता. गप्प राहण्याचा अर्थ आमच्यात ठरलेला नव्हता.

शेवटी मी स्वतःच शर्यतीचं थेट प्रक्षेपण उघडलं. सीझनभर फोनमध्ये ते एका बोटाच्या अंतरावर होतं.

शर्यत थांबवलेली होती. पावसामुळे लाल झेंडा. सगळ्या गाड्या एका रांगेत उभ्या, वर छत्र्या धरलेल्या. थांबलेल्या शर्यतीला नजर लागत नाही, असा नियम मी तिथल्या तिथे केला. कॅमेरा एकेका गाडीवरून सरकत आला आणि खाली आमचं आडनाव दिसलं. हेल्मेटच्या काचेवर थेंब. आत डोळे दिसत नव्हते. हातमोजे घातलेली बोटं स्टिअरिंगवर ताल धरून होती, अंगठा सोडून चार बोटं, करंगळीपासून सुरू. जेवायला उशीर झाला की ती ताटावर असाच ताल धरायची आणि मी ओरडायचे. ती चौथ्या जागी उभी होती आणि तो मुलगा बरोबर तिच्या पुढे.

मी तिच्याकडे बघत राहिले. किती महिन्यांत मी तिला अशी बघितलीच नव्हती. कॉलवर ती माझ्याकडे बघत असते, मी तिच्याकडे, त्याला बघणं म्हणत नाहीत.

मग छत्र्या मिटल्या. इंजिनं सुरू झाली. निवेदक म्हणाला, थोड्याच फेऱ्या उरल्यात, आता काय ते होईल.

मी काही मानत नाही. हे मी सासऱ्यांना, नवऱ्याला, मुलीला शंभरदा ऐकवलंय. मग बघायला काय हरकत होती? आणि समजा मानत असते, तर नुसतं बघत राहायचं होतं. हात लावायला नको, बोलायला नको. चादरी कपाटात तयार होत्या.

मला ती घरी हवी होती, पण माझ्यामुळे नको होती. मी फोन पालथा केला आणि शेजारच्या सीटवरच्या पिशवीखाली सरकवला. वरच कोथिंबिरीची जुडी होती. मेसेज यायच्या आधीच मी ती घेऊन ठेवली होती.

काही वेळाने पिशवीखाली फोन वाजला. मी काढेपर्यंत दोन्ही अर्थ डोळ्यांपुढून गेले. उचलला, तर कुणीच माझ्याशी बोलत नव्हतं. मागे सासरे ओरडत होते, नवरा "अगं, अगं" एवढंच म्हणत होता, आणि मला कळलं. ती धड आहे, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट लगेच मागून आली: ती आता घरी येणार नाही. मी अभिनंदन म्हटलं आणि गाडीत बसून पोटभर रडले. पदर लावणाऱ्या बाई काचेतून बघत होत्या, पण त्यांना काय, डेव्हनवर सगळंच दिसतं.

मग पेढे घेतले आणि घरी गेले.

ती व्हिडिओ कॉलवर होतीच, केस ओले, मागे दहाजणांचा गोंधळ. आजोबांना ती शेवटचं वळण हाताने दाखवत होती. मला बघून थांबली.

"आई! यू डिडन्ट वॉच, राइट?"

"शर्यत नाही बघितली गं," मी म्हटलं. ते खरंच होतं.

सासऱ्यांनी उठून पहिला पेढा नातीच्या फोटोपुढे नाही, देवापुढे नाही, माझ्या हातात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. "सूनबाई," ते म्हणाले, "तू नव्हतीस म्हणून झालं बघ."

त्यांनी इतकं मनापासून कौतुक माझं कधीच केलं नव्हतं. मी वाकून नमस्कार केला.

"नेक्स्ट इयर पण, आई," ती स्क्रीनवरून म्हणाली. "सेम थिंग. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस म्हटलं, आणि कोथिंबीर निवडायला बसले.