डाळमिलमधला गरम गोळा

माझ्याच थोबाडाची उष्णता मी बेअरिंगची समजलो आणि एका फिटरची नोकरी घालवली.

नांदेडच्या कॉलेजात मी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल शिकवतो. त्याचा सेन्सर सेकंदाला शेकडो फोटो घेतो, गरगर फिरणारं चाकही एकेका फोटोत थांबलेलं दिसतं. एवढ्याच रुबाबावर लातूरच्या एका डाळमिलच्या मालकानं मला यंत्रं तपासायला बोलावलं. नुकताच दसरा झाला होता. पूजेसाठी फिटरनं बेअरिंगवरचं स्टीलचं झाकण घासून लखलखीत केलं होतं. असा धातू समोरच्याची उष्णता परत पाठवतो, हे मी दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून देतो.

पडद्यावर झाकणाच्या मधोमध पांढरा गोळा दिसला. मी ऐटीत म्हणालो, "बेअरिंग तापलंय. ग्रीस घातलेलं नाही."

मालकानं सगळ्यांदेखत फिटरला सांगून टाकलं, "उद्यापासून येऊ नको."

"सकाळीच घातलंय की, मालक," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

कॅमेरा स्टँडवर तसाच ठेवून मी चहाचा कप घ्यायला वाकलो, तर पडद्यावरचा गोळाही वाकला. मी सरकलो, तोही सरकला. मालकाला खरं सांगितलं, तर तो हसायला लागला.

"चार माणसांत बोललो ना सर आता. शब्द कसा फिरवू?"

फिटर चिंधीला हात पुसत आला. आधी पडद्याकडं, मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तोंडच बघायचं होतं तर घरी आरसा न्हाई का, सर?"