मधातली काडी

नाचणगावच्या घरी उन्हाळ्याच्या दुपारी मी संशोधनासाठी संगणकावर हृदयाचा एक आभासी तुकडा चालवत असते. काचेच्या ठोकळ्यासारखा पारदर्शक तुकडा, आणि त्यात विजेची लाल लाट धुरासारखी पसरत जाते. ती जिथून गेली, तिथल्या पेशी थोडा वेळ थकून पडतात आणि मग पुन्हा पेटायला तयार होतात. लाट कुठे तुटली, की तिची कड आत वळते आणि ती एका रेषेभोवती स्वतःला गुंडाळत राहते. बघता बघता कूलरचा आवाजही लांब जातो.

बाबा गेल्यापासून आई शेजारी सूतकताईसाठी पेळू करत बसते. पाटावर कापूस पसरायचा, काडीभोवती गुंडाळायचा आणि काडी अलगद ओढून घ्यायची. एका दुपारी तिनं पडद्याला बोट लावलं.

"पेळूच हाय हा. मधातली काडी काऊन नाई काढत?"

"बोट नको लावू व माय!" मी खेकसले. "काळीज हाय हे. ती काडी हातानं नाई निघत. लाट अशी फिरत राह्यली, का ठोका बसत नाई."

तिनं बोट मागं घेतलं. पडद्यावर मधली रेषा वाकत गेली, तिचं कडं झालं, कडं आक्रसलं आणि विरून गेलं. ठोकळा निवांत झाला.

"आपोआप मिटलं?"

"कधी कधी मिटते."

तिच्या हातातला कापूस तसाच राहिला.

"तुह्या बाबाची छाती धडधडून राह्यली होती," ती म्हणाली, "तवा म्या बी असीच पाहात बसली. मले वाटलं, मिटन आपोआप."