गच्चीवरची चादर

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गच्चीवर संध्याकाळी वारा सुटतो, त्याचं सगळ्यांना कौतुक. मला विचाराल तर त्या वाऱ्याने एका संध्याकाळी माझा जीव नकोसा केला.

निमित्त ह्यांच्या एकसष्टीचं. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून ह्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो. जेवतात डाव्या हाताने, चमच्याने, तेही आतल्या खोलीत दार लोटून. पाहुणे आले की ह्यांना भूकच नसते. लहानपणी डाव्या हाताने घास घेतला म्हणून आईचे फटके खाल्लेला माणूस, चार जणांत कसा जेवणार? कळतं हो मला. पण ह्यांना आत वेगळं वाढायचं, बाकीच्यांना बाहेर, आणि आपण ओट्याशी उभ्याने दोन घास कोंबायचे, ह्याचा मला वीट आला होता.

ह्यांच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, घाट घातला की घरचीच माणसं आहोत, गच्चीवर टेबल मांडून एकत्र जेवू. हे म्हणाले, येतो, पण टेबलावरचं कापड खालपर्यंत लोंबायला हवं. का, ते मी विचारलं नाही. हात कुणाला दिसायला नको होता.

डेकोरेटरचं कापड मेलं वीतभर लोंबणारं, म्हणून मी डबल बेडची चादर काढली. ह्यांना खुर्चीत बसवलं, चादर मांडीवर नीट ओढली, आणि वारा आला. चादर सरळ ह्यांच्या तोंडावर. दोरीवरचे चिमटे लावले, तर टेबलाची कड जाड, टणाटण उडाले. बांगडीतल्या पिना काढून कोपरे टेबलाच्या पायांभोवती गुंडाळून अडकवले, तर मधला भाग फुगायला लागला. धाकटे दीर विटा शोधायला गेले ते तिकडेच फोनवर बोलत बसले. मी वाकते आहे, उठते आहे, पुन्हा वाकते आहे. कमरेचा पार भुगा झाला.

मग ताईंना युक्ती सुचली. लग्नाच्या पंगतीत टेबलावर कागद अंथरण्याआधी पाणी शिंपडतात ना, कागद कसा घट्ट बसतो! मी नको म्हणेपर्यंत त्यांनी चादर उचलून खाली तांब्या रिकामा केला. अहो, कागद वेगळा आणि सुती चादर वेगळी. चादर बसली खरी, पण सगळं पाणी पिऊन कडेने गळायला लागली, ते थेट ह्यांच्या मांडीवर. नव्या फिक्या पँटवर, नको त्या जागी, हा एवढा ओला डाग.

कुणी हसलं नाही. सगळे एकदम दुसरीकडे बघायला लागले, ते जास्त वाईट. ह्यांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, मला खाली घेऊन चल.

एरवी मी लगेच उठले असते. त्या दिवशी पायांतलं त्राणच संपलं होतं. ह्यांना एकट्याने लिफ्टपर्यंतही जाता येत नाही, हे माहीत असून मी बोलले, "जायचं तर जा तुम्ही. मी नाही उठणार आता. मला भूक लागलीय."

आणि खरंच शेजारच्या खुर्चीत बसून मी स्वतःला वाढून घेतलं. भात, कोंबडीचा रस्सा, वाटीत सोलकढी. ताई तोंडाला पदर लावून बसल्या. माझे डोळे भरून आले होते, पण मी कुणाकडे बघितलं नाही. पहिला घास उचलला आणि वाऱ्याने पुन्हा झडप घातली. पीन सुटली, चादरीचं ओलं टोक माझ्या ताटात.

ते काढायचंही बळ नव्हतं मला. तशीच बसून राहिले.

तेवढ्यात ह्यांनी डावा हात पुढे करून ते टोक ताटातून काढलं, टेबलावर पसरलं. मग टेबलाखालून स्वतःचा उजवा हात मनगटाला धरून वर आणला आणि सगळ्यांच्या देखत त्या चादरीवर ठेवला. वाकडी बोटं, सुजलेला पंजा, जसा आहे तसा. वारा आला, पण चादर हलली नाही.

"जेव," ते म्हणाले.

ह्यांच्या आजारपणात मी दुसऱ्यांना इतक्यांदा जेवा म्हटलं होतं, की मलाही कुणी तसं म्हणावं हे मी विसरूनच गेले होते. मी रडत रडत ताटातलं सगळं संपवलं.