दुसरी सिस्टम

"एक नाही उठली त दुसरी उठते, काकाजी. म्हणून मी दोन टाकून ठेवतो," साकोलीच्या दुकानातले मेकॅनिक एका गिऱ्हाइकाला सांगत होते. वर्षापूर्वी माझ्याही लॅपटॉपमध्ये त्यांनी न विचारता दुसरी ऑपरेटिंग सिस्टम टाकली होती. नको म्हणायला मी लाजले होते. आता पहिली बंद पडली होती आणि गेलेल्या आईचे व्हॉइस मेसेज आत अडकले होते.

ताप बघावा तसा त्यांनी लॅपटॉपवर तळहात ठेवला. थोड्या वेळाने म्हणाले, "उठला दुसरीतून. एखादी फाईल लावून पाहा, ताई."

"जेवली का वं, बाई?" आईचा आवाज आला. हॉस्टेलवर असताना मी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवायचे.

मेकॅनिक उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

"जेवली, आई," मी म्हणाले.