विहाराच्या फलकावरचा युरोप

इंदिरानगरच्या एका बुद्धविहाराबाहेर काळा फलक आहे. वर्षातून चारदा त्यावर कार्यक्रमाची सूचना लागते. उरलेले दिवस तिथे युरोप असतो. युक्रेनची आघाडी कुठवर सरकली, जर्मनीत कुणाचं सरकार डळमळलं, फ्रान्समध्ये कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसलं, सगळं खडूने, सुवाच्य अक्षरात. लिहिणारे जयराम पगारे. त्यांची सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली. नाके बंद होऊन जमाना झाला, पण कुठल्याही दोन देशांची सीमा म्हटली की ती आपल्याच खात्यात येते, असं त्यांना अजून वाटतं.

वाचतं कोण? खरं सांगायचं तर कुणीच नाही. "आपल्या महापालिकेची निवडणूक कधी होणार ते लिहा की, काका!" असं म्हणून लोक पुढे जातात. जयरामना त्याचा राग येत नाही. त्यांची एकुलती एक लेक चैताली तीन वर्षांपासून पोलंडला नोकरीला आहे. युद्ध तिच्या दारापासून एका रात्रीच्या प्रवासावर. आणि इकडे बायको भिमाबाई गेल्यापासून घरात बोलायला फक्त भिंती. चैतालीचा फोन आधी रोज यायचा, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने. तिच्या देशाचं सगळं ठाऊक असलं तर बोलणं लांबेल, म्हणून हा भला माणूस तिथल्या मंत्र्यांची नावं पाठ करत बसला. फोन काही वाढले नाहीत.

मे महिन्यात त्यांना ऊन लागलं. दोन दिवस अंथरुणातून उठवेना. तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

"बाबा! बरे आहात ना? किती घाबरले मी!"

चैताली अर्धा तास बोलली. औषध विचारलं, जेवण विचारलं, संध्याकाळी पुन्हा फोन केला. जयरामचा अर्धा ताप आनंदानेच उतरला. तिकडच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीबद्दल तयार ठेवलेले प्रश्न विचारायचेच राहिले.

"पण तुला कळलं कसं गं?"

"प्रतिभा रोज सकाळी विहारात दिवा लावायला येते ना, तीच फलकाचा फोटो पाठवते. मीच सांगितलंय तिला. नवीन मजकूर दिसला की कळतं, बाबा ठणठणीत आहेत. मग फोन नाही जमला तरी काळजी नसते. दोन दिवस जुनंच दिसलं आणि धस्स झालं."

"हुशार आहेस," जयराम म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना उमगलं. म्हणजे रोज सकाळी खडू उचलून लेकीचा फोन ते स्वतःच थांबवत होते.

ते बरे झाले, फलक पुन्हा भरू लागला आणि फोन पुन्हा थांबले. मग दुसऱ्या फेरीचा निकाल लागला, अगदी निसटत्या फरकाने. मंगळवारी पहाटे उठून जयरामनी त्यावर फलकभर लिहिलं. इतकं चांगलं त्यांनी आजवर लिहिलं नव्हतं. एकदा मनाशी वाचलं आणि ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकलं.

"जय भीम, काका. आज काहीच नाही?" प्रतिभाने मोबाइल पुढे धरून विचारलं.

"नाही गं. अंगात जोरच नाही."

तिने कोऱ्या फलकाचा फोटो काढला आणि आत गेली. जयराम फोन मांडीवर घेऊन पायरीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पोरीला खोटं कळवलं होतं. इथे साडेसात वाजले होते, म्हणजे पोलंडला चार. चैताली उठायला अजून तीन तास होते, तरी त्यांनी आवाज पूर्ण मोठा करून ठेवला.