वाढत्या मापाचं व्याकरण

माझी भावजय माणसाला आधी खांद्यापासून खाली बघते, तोंड नंतर. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा पाणी पिता पिता म्हणाली, "ताई, तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे." मी तेव्हा अठरा वर्षं त्याच खांद्यावरून वह्यांची पिशवी वाहत होते. मला राग आला, आणि चांगल्या साडीसारखा तो मी पुढे बारा वर्षं जपला.

ती शिंपीण. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीन, कापायचं लांब टेबल आणि खिडकीत बिनडोक्याचा पुतळा. माझा भाऊ बसडेपोत इंजिनं दुरुस्त करतो आणि घरात तोंड उघडत नाही, म्हणजे खरं तर त्याला कुणी उघडू देत नाही. दोघांचे धर्म वेगळे. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी बराच धुरळा उडवला आणि शेवटी एक तोड काढली: मूल होईल त्याच्या कानात कुणीही आपला देव घालायचा नाही, मोठं झालं की त्याचं ते ठरवेल. चौघा म्हाताऱ्यांच्या सह्यांचा तो कागद भावजयीने कापडाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तो अजून तिथेच आहे.

मग गुंडी झाली. रांगायला लागल्यापासून गुंड्यांच्या डब्यात हात घालून बसायची, म्हणून हे नाव. घरात ती अखंड बोलायची. शाळेत मात्र चौथीत बाईंनी तिला उभं करून इंग्रजी धडा वाचायला लावला, ती अडखळली, वर्ग हसला, आणि तिने तोंडाला जे कुलूप लावलं ते सहा महिने काढलंच नाही. भावजयीने एका सकाळी तिचं दप्तर रिकामं केलं आणि जाहीर केलं की गुंडी आता घरीच शिकेल.

माझा सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेला. मी म्हटलं, घरी शिकून पोरं शहाणी झाली असती तर आम्ही काय इतकी वर्षं भिंती रंगवत होतो? पंधरा दिवस मी त्या घराची पायरी चढले नाही. मग कळलं की वर्षअखेरीला शिक्षण कार्यालयातून बाई येऊन गुंडीची परीक्षा घेणार. बाकीच्या विषयांची काळजी नव्हती. इंग्रजीत लेखी आणि तोंडी दोन्ही निघालं नाही, तर तीच शाळा आणि तोच वर्ग. हे ऐकून मी गेले.

इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक हवं होतं. भावजयीच्या आईने एक संच पाठवला होता, घरी शिकणाऱ्या मुलांसाठीच काढलेला. बांधणी सुरेख, पण जवळजवळ प्रत्येक उदाहरणात त्यांचा देव. देवाने डोंगर केले, यात क्रियापद ओळखा. भावजयीने तो कागदात गुंडाळून आईला परत पाठवला. मला आतून बरं वाटलं. मी माझ्या शाळेचं जुनं पुस्तक पिशवीतून काढलं आणि टेबलावर ठेवलं. म्हटलं, हे घे, यात कुणाचा देवबीव काही नाही, मी तीस वर्षं शिकवलंय.

तिने ते आठ दिवस ठेवून घेतलं. परत दिलं तेव्हा पानापानावर समासात शिंप्याच्या निळ्या खडूच्या खुणा होत्या. पहिल्याच पानावर प्रार्थना. तिसऱ्या धड्यात आमचा सण, पाचव्यात आमच्या देवळात जाणारा गुणी मुलगा आणि न जाणारा वाईट मुलगा. मी खुणा मोजायला लागले आणि चाळीसच्या पुढे थांबले.

"मी मुद्दाम आणलं नव्हतं," मी म्हणाले.

"माहीत आहे, ताई. शिवण आतून टोचते ती ज्याने घातलंय त्यालाच कळते. तुमच्या मापाचं होतं, तुम्हाला कुठे टोचणार?"

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी मुलांना किती वेळा समजावून सांगितली असेल. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, कारण ती बरोबर होती.

घरी शिकवणारे आईबाप महिन्यातून एकदा वाचनालयात जुनी पुस्तकं अदलाबदल करायला जमतात. भावजय तिथे गेली, उभ्याउभ्या सगळं चाळून आली आणि एक पुस्तक घेऊन आली. साधं, मळकट, पण त्यात किटली होती, पूल होता, चुकलेली बस होती, भिजलेला कुत्रा होता. कुणी कुणाला काही पटवत नव्हतं. निवड अगदी बिनचूक होती. फक्त पाठीवर सहाचा आकडा होता, आणि गुंडीला चौथं पुस्तक हवं होतं.

मी तो आकडा पाहिला. भावजय कौतुकाने सांगत होती की दोन पायऱ्या पुढचं मुद्दाम घेतलं, वाढत्या अंगाचं, मुलांना कधी नेमकं माप घेऊ नये. तिची सगळी गिऱ्हाइकं मुलांचे कपडे असेच शिवून घेतात. शाळेत माझ्यापुढे कुणी असं म्हटलं असतं तर मी तासभर झाडलं असतं. पण खडूच्या खुणा ताज्या होत्या. मी मूग गिळून बसले. मनात म्हटलं, होऊ दे जरा फजिती, मग येईल माझ्याकडे.

फजिती गुंडीची झाली. दीड महिन्यात ती त्या पुस्तकासमोर बसून फक्त कोपरा दुमडायची आणि उलगडायची. मग जेवताना गप्प. मग बापाशीही गप्प. एका दुपारी मी तिला विचारलं, काय गं, बरं नाही का? तिने नुसती मान हलवली. शाळेतलं कुलूप घरी आलं होतं, आणि किल्ली कुठे आहे हे पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं.

मी भावजयीला सगळं सांगितलं. आकडा दिसला होता, बोलले नाही, मुद्दाम बोलले नाही. तिने मशीन थांबवलं. दोऱ्याचं टोक दाताने तोडलं. मला वाटलं आता ती मला उंबऱ्याबाहेर काढणार, आणि तिने काढलं असतं तर मी निघूनही गेले असते.

"मोठं कापड लहान करता येतं," ती म्हणाली. "कुठून आत घ्यायचं ते तुम्ही सांगा."

परीक्षेला तीन महिने होते आणि चौथं पुस्तक कुणाकडेच मिळेना. मग आम्ही नणंद-भावजय त्या टेबलावर पुस्तक उघडून बसलो. आधी काय, नंतर काय, हे मी सांगायचं. जी पानं आत्ता नकोत ती भावजय दुमडायची आणि मोठ्या सुईने कच्चा धावदोरा घालून बंद करायची, वाढत्या पोरीच्या झग्याला चुण्या घालून ठेवतात तशी. मधले राहिलेले सोपे धडे मी हाताने लिहिले. त्यांची वाक्यं गुंडीच्या आईच्या दुकानातली: पुतळ्याला डोकं नाही, मास्तरीणबाईंचा एक खांदा खाली आहे. दुसरं वाक्य वाचून गुंडी सहा आठवड्यांत पहिल्यांदा हसली.

एक भाग नीट आला की गुंडीने छोट्या कात्रीने पुढचा दोरा स्वतः उसवायचा, असं ठरलं. त्या कात्रीसाठी ती अभ्यास करायला लागली. कधी लबाडीने आधीच उसवायची आणि अवघड निघालं की आईकडे नेऊन म्हणायची, परत घाल. भावजय लगेच परत घालून द्यायची. मी तीस वर्षांत एकाही मुलाला असं मागे फिरू दिलं नव्हतं.

कार्यालयाच्या बाई आल्या त्या दिवशी टेबल मोकळं केलं होतं. लेखी झालं. मग बाईंनी पुस्तक हातात घेतलं, चाळलं, आणि शेवटची पंचवीस-तीस पानं उघडेनात. त्यांनी दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि गुंडीला इंग्रजीत विचारलं, हे असं का?

गुंडीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घोडामैदान समोर आलं होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर भावजयीने टेबलाखाली माझा पाय दाबला, चांगला मशीन चालवल्यासारखा. बाईंच्या पेनाचं टोपण निघालं. भाऊ दारात हात पुसत उभा होता, आधीच पुसलेले.

मग गुंडी इंग्रजीत बोलली. हळू, पण एकेक शब्द ठेवत. म्हणाली, "हे माझ्या मापापेक्षा मोठं होतं. आईने आत घेतलं. ही पानं मी अजून उसवली नाहीत, कारण मी अजून वाढतेय."

बाईंनी काहीतरी लिहिलं आणि पुस्तक बंद करून तिच्या हातात दिलं. पुढची दोन वर्षं घरीच शिकायला हरकत नाही, असा कागद महिनाभराने आला. भावजयीने तो कपाटात त्या सह्यांच्या कागदाखाली चिकटवला.

मी मात्र परीक्षेच्याच दिवशी, बाई गेल्यावर, टेबलापाशी उभी राहिले आणि दोन्ही हात जरा बाजूला केले. म्हटलं, उद्यापासून रोज शिकवायला येणार, तर एक धड कपडा शिवून दे. आणि तो खांदा बघ. भावजयीने गळ्यातला टेप काढला आणि उजवीकडून माप घ्यायला सुरुवात केली.